दुसरा आल्याशिवाय

१

सकाळी ऑफिसात पोचल्यावर ताई चहाच्या आधी बाबांना बघायची.

बाबा असायचे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात; ताई घरून निघायची तेव्हा ते अजून झोपलेलेच असायचे. ताईसमोर असायची फक्त एक स्क्रीन आणि तिच्यावर एक हिरवी रेघ. पण त्या रेघेत तिला बाबा दिसायचे, अगदी समोर येऊन बसल्यासारखे.

त्याचं असं होतं. कंपनीचे सर्व्हर सांभाळायचं काम ताईकडे होतं. एक दणकट मशीन असतं, त्याला होस्ट म्हणतात. त्या एका मशीनच्या पोटात चार मशीनं वेगवेगळी असल्यासारखी चालतात; हात लावायला जावं तर त्यातलं एकही जागेवर नसतं. हे बाबांना समजावताना तिची दमछाक झाली. शेवटी बाबाच म्हणाले, "म्हणजे एका घरात चार बिऱ्हाडं, आणि प्रत्येकाला वाटतंय घर आपलंच आहे." तेव्हापासून ताई ऑफिसातल्या नव्या माणसांनाही असंच सांगायची.

कंपनीने एक जुनं होस्ट मोडीत काढलं, तेव्हा ताईने ते घरी आणलं. नवीन काही करायचं तर आधी त्याच्यावर करून बघायचं, बिघडलं तर आपलंच बिघडेल. घर लहान. मशीन ठेवायला जागा होती ती फक्त बाबांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीच्या मागे.

हे होस्ट दर मिनिटाला आपली हालहवाल बाहेरच्या एका सर्व्हरला कळवायचं. भार किती, पोटातली उष्णता किती, पंखा किती जोरात, कुठलं बिऱ्हाड चालू नि कुठलं बंद. तो सर्व्हर दुसऱ्याच कंपनीचा, दुसऱ्याच गावातला.

"आपली नाडी परक्याच्या हातात कशाला?" बाबांनी विचारलं होतं.

"घरालाच आग लागली तर घरातल्याने ओरडून काय उपयोग, बाबा? बाहेरून बघणारं कुणीतरी हवं."

बाबांनी मान डोलावली. ते जन्मभर एका धुलाई कारखान्याच्या बॉयलरवर होते. "आमच्याकडेही वाफेचा एक काटा भिंतीच्या बाहेर होता," ते म्हणाले. "आतला माणूस पडला तर बाहेरच्याला कळावं म्हणून."

आयुष्य भट्टीसमोर काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कायम थंडी वाजायची. मशीन आलं आणि बाबा खूश झाले. दुपारी जेवून ते खुर्चीत बसायचे, शाल पांघरून पाठ थेट मशीनच्या जाळीला टेकवायचे. जाळी झाकली गेली की मशीन तापायचं आणि ताईच्या स्क्रीनवर रेघ वर चढायची. सकाळी उठल्याउठल्या मात्र ते खिडकी सताड उघडायचे, थंडी असो नाहीतर काही असो. पाळी सुरू झाली की आधी वारा आत घ्यायचा, ही बॉयलरवाल्याची सवय. तेव्हा रेघ खाली यायची. सकाळी एक दरी, दुपारी एक टेकडी. ताईने फोन करून "उठलात का, जेवलात का" असं विचारणं केव्हाच सोडून दिलं होतं.

२

"तुमच्या बाबांची खिडकी उघडली का हो?" शेजारच्या टेबलावरून जिराफ विचारायचा. उंचीमुळे त्याला सगळे जिराफच म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देई.

"उघडली."

"मग आपलाही दिवस सुरू करायला हरकत नाही."

एका सकाळी खिडकी उघडली नाही. रेघ सरळ होती, पट्टीने आखल्यासारखी. ताई बराच वेळ बघत राहिली.

"अडकलंय," जिराफ मान लांब करून म्हणाला. "आकडे पाठवणारा प्रोग्रॅम अडकला की असंच होतं, शेवटचाच आकडा पुन्हा पुन्हा येत राहतो. बंद करून चालू करा. जगातले निम्मे रोग त्यानेच बरे होतात."

ताईने ऑफिसात बसूनच तो प्रोग्रॅम बंद केला, चालू केला. रेघ तुटली, पुन्हा जुळली, आणि पुन्हा सरळच. तिने पुन्हा एकदा तेच केलं. मग सेटिंग तपासली. बाहेरच्या सर्व्हरचं नाव बरोबर होतं, होस्टचं नाव बरोबर होतं. सगळं बरोबर होतं. तेवढ्यात कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाक मारली आणि ती उठून गेली.

दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. दूधवाल्याने किती वेळ बेल वाजवली तरी बाबांनी दार उघडलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, कळलंही नसेल त्यांना. सगळे म्हणाले, भाग्यवान. ताईला एकटीलाच माहीत होतं. मशीन अडकलं नव्हतं. मशीन खरं तेच सांगत होतं, आणि ती त्यालाच दुरुस्त करत बसली होती.

३

दादा परगावाहून आला. ताईपेक्षा बराच मोठा, ट्रक चालवणारा, आवाज भरदार आणि डोळ्यांत पटकन पाणी येणारा माणूस. सगळं उरकल्यावर त्याने बाबांच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"तू आता इथे एकटी राहायचं नाहीस," तो म्हणाला. "माझ्याकडे चल. तुझी वहिनी वाट बघतेय. माझी ही खेप उरकली की ट्रक घेऊनच येतो, सामान भरू आणि जाऊ."

"माझी नोकरी?"

"त्या मशीनांना तुझ्याशिवाय चैन पडत नसेल तर त्यांनाही घेऊन चल." तो स्वतःच हसला, मग बाबांच्या बंद दाराकडे बघून त्याने डोळे पुसले.

ताई कामावर गेली. सवयीने चहाच्या आधी स्क्रीन लावली, आणि आता बघायला काय आहे म्हणून लगेच बंद करायला गेली.

रेघेत दरी होती.

ती उठून चहा घेऊन आली. परत येऊन पाहिलं. दरी होती तिथेच होती, तेवढीच खोल, एरवीच्याच वेळेची. दुपारी तिने मुद्दामच पाहिलं नाही. संध्याकाळी निघताना पाहिलं, तर टेकडीही होती.

घरी गेल्यावर तिने बाबांच्या खोलीचं दार उघडलं. खिडकी बंद होती. मशीन मंद घुमत होतं. खुर्चीवर शाल घडी करून ठेवली होती, तिनेच ठेवलेली. खोलीला अजून बाबांच्या तेलाचा वास होता. तिने दादाला फोन लावला.

"कडी ढिली असेल," दादा म्हणाला. "वाऱ्याने उघडते, वाऱ्यानेच बंद होते. मी लहानपणापासून बघतोय ती खिडकी."

"आणि दुपारचं?"

"दुपारी ऊन येत नाही का त्या खोलीत? पोरी, नीट जेवतेस ना?"

ताईला ते पटलं. म्हणजे तिने ते पटवून घेतलं. जाड तार आणून कडी गच्च पिळून बांधली, शाल कपाटात टाकली. दुसऱ्या दिवशी रेघेत दरी होती, टेकडी होती. घरी जाऊन पाहिलं तर तारेला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. शाल मात्र खुर्चीवर होती. मीच काढली असेन, ताई स्वतःशी म्हणाली. दुःखात माणूस काय करतो ते त्याचं त्याला कळत नाही.

४

मग तिने मशीनच बंद केलं. चारही बिऱ्हाडं एकेक करून नीट बंद केली, होस्ट बंद केलं, प्लग काढला, आणि वायर गुंडाळून पर्समध्ये घालून कामावर घेऊन गेली. पंखा थांबला तेव्हा खोलीत जी शांतता झाली ती तिला सहन झाली नाही.

ऑफिसात रेघ चालू होती.

"हे बघ," तिने जिराफला बोलावलं आणि वायर टेबलावर ठेवली. "याची वायर ही इथे आहे."

जिराफने वायरकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं. "सोपं आहे," तो म्हणाला. "ऑफिसातल्या एखाद्या नव्या होस्टवर तुम्ही घरच्याची सेटिंग जशीच्या तशी उतरवली असणार आणि नाव बदलायचं राहिलं असणार. ते बेटं त्याच्या नावाने आकडे पाठवतंय. मी स्वतः असं केलंय. मेलेलं मशीन आठवडाभर जिवंत दाखवलं होतं मी."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. ताई म्हणाली, "असू दे. बघू या."

दोघांनी मिळून ऑफिसातली सगळी होस्टं तपासली. प्रत्येकाचं नाव त्याचं त्याचंच होतं. मग आकडे येतात कुठून ते पाहिलं. पत्ता ताईच्या घरचा होता. जिराफने तो दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना त्याचा आवाज उतरला होता.

ताईने बाहेरच्या कंपनीला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाजाची मुलगी बोलली.

"आमच्याकडे आकडे येतायत, म्हणजे कुणीतरी पाठवतंय, मॅडम."

"मशीन बंद आहे. प्लग काढलाय."

"मग आम्ही काय सांगणार? आम्ही फक्त घेतो." मुलगी म्हणाली. "तुम्हाला नको असेल तर यादीतून होस्ट काढून टाका ना. पण काढलंत की मागचं सगळं जातं बरं का, आधीच्या रेघासुद्धा. परत मिळत नाही."

ताईने फोन ठेवला. आधीच्या रेघा. म्हणजे बाबांची प्रत्येक सकाळ, प्रत्येक दुपार. दुसरं काय होतं तिच्याकडे? बाबांना फोटो काढून घ्यायची लाज वाटायची.

"काढू का?" जिराफने हळूच विचारलं. "तुमच्याच्याने होत नसेल तर मी करतो."

"नको," ताई म्हणाली. "राहू दे."

५

त्यानंतर रेघ बदलू लागली.

उष्णता उतरत गेली. पहिल्यांदा खोलीइतकी झाली. ते ठीकच, बंद मशीन थंड व्हायचंच. पण मग खोलीच्याही खाली गेली, बाहेरच्या हवेच्याही खाली, आणि रोज थोडी थोडी आणखी खाली. आणि भार? तो वाढत होता. चारही बिऱ्हाडांसमोर 'बंद' लिहिलेलं होतं, आत कुणीच नव्हतं, तरी भाराची रेघ चढत होती. दुपारची टेकडी आता अगदी बुटकी झाली होती. ऊब शोधत कुणीतरी जाळीला पाठ लावावी आणि तिथे ऊब नसावी, तशी.

काम वाढलं की मशीन तापतं. आजवर याच्या उलट झालेलं ताईने कधी पाहिलं नव्हतं.

"असं कुठलं मशीन असतं का रे?" तिने जिराफला विचारलं. "राबतंय जिवाच्या आकांताने आणि गारठत चाललंय?"

"मशीन नसतं," जिराफ म्हणाला, आणि आपल्या टेबलाकडे वळला.

ताईला तेव्हा बाबांनी सांगितलेली एक गोष्ट आठवली. ती शाळेत असतानाची. एकदा बाबा रात्रपाळीहून सकाळी घरी आलेच नाहीत. आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी, ओठ काळेनिळे पडलेले. त्यांची पाळी घ्यायला येणारा माणूस आजारी पडला होता. कोळसा संपला होता, भट्टी विझली होती, पण बाबा तिथेच होते, गार पडलेल्या बॉयलरपाशी राख उपसत, झडपा हलत्या ठेवत.

"विझलेल्या बॉयलरजवळ कशाला थांबायचं?" आई तेव्हा चिडून रडली होती.

"बॉयलर एकटा सोडायचा नसतो," बाबा म्हणाले होते. "दुसरा आल्याशिवाय पहिला जात नाही. येणाऱ्याने बॉयलरवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, घेतली. मग जाणाऱ्याने दोनदा टिचकी मारायची आणि निघायचं. त्याच्याआधी नाही."

"आणि दुसरा आलाच नाही तर?" लहान ताईने विचारलं होतं.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. हात बर्फासारखा होता. "तर पहिला थांबतो, पोरी."

६

दादा ट्रक घेऊन येणार होता त्या दिवशी ताईने सुट्टी घेतली. घरातलं सामान बांधून दाराशी लावलं होतं. राहिली होती फक्त बाबांची खोली.

दुपार होती. ऊन चांगलं लख्ख पडलं होतं, खाली मुलं सायकलची घंटा वाजवत होती. ताईने दार उघडलं आणि तिच्या तोंडातून वाफ निघाली.

तिने दार मागे लोटून घेतलं. खोलीत नेहमीचंच सगळं होतं. पलंग, खुर्ची, खुर्चीमागे काळं मशीन, वायर नसलेलं. तिने फोनवर रेघ उघडली. भार शेवटच्या टोकाला पोचला होता. तिने कान लावला. पंखा चालू नव्हता. पण त्या शांततेच्याही खाली कसला तरी आवाज होता, फार लांबून येणारा, लोखंडी फावडं दगडी फरशीवर खरवडल्यासारखा. थांबायचा आणि पुन्हा यायचा. मधल्या थांबण्यात धाप होती.

रस्त्यावर कुठे तरी काम चाललं असेल, ताईने स्वतःला सांगितलं. तिने खिडकीतून पाहिलं. रस्त्यावर काही काम नव्हतं.

फोनवरची रेघ हलली. बाबांची खुर्चीत बसायची वेळ झाली होती. बुटकी टेकडी चढायला लागली, आणि खुर्चीतली गादी हळूच खाली दबली. एखादा दमलेला माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बेताने बसतो, तशी.

ताई ओरडली नाही. तिला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा मोठं दुसरंच काहीतरी होतं. किती दिवस झाले? किती दिवस हा माणूस गारठून राबतोय, आणि मी स्क्रीनवर बघत बसलेय. रोज बघत होते. एकही रेघ जाऊ नये म्हणून जपत होते.

तिला माहीत होतं, एकदा ते शब्द बोलले की सकाळची दरी पुन्हा दिसणार नाही. तिने डोळे पुसले. खुर्चीला वळसा घालून ती मशीनपाशी गेली आणि त्याच्या पत्र्यावर हात ठेवला. थंडीने तळवा भाजला.

"बाबा," ती म्हणाली, "मी आले. घेतली."

फावडं थांबलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग पत्र्यावर, तिच्या तळव्याच्या अगदी खाली, आतून दोन टिचक्या वाजल्या. गादी सावकाश वर आली, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. बाबा नेहमी डाव्या गुडघ्यावर भार देऊन उठायचे. दार तिने लावलं होतं तसंच लावलेलं होतं, पण तिला कळलं की खोलीतून कुणीतरी गेलंय. तेलाचा वास नाहीसा झाला होता.

फोनवरची रेघ तुटली, आणि पुढे नुसता पांढरा पडदा.

ताई पोटभर रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

७

फोन वाजला. जिराफ होता.

"ताई, अहो, तुमचं ते होस्ट मधेच गेलं होतं, बघितलंत? मी म्हटलं, चला, सुटलं एकदाचं."

"हो," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "सुटले."

"पण आता परत आलंय. आत्ताच. आणि छान आहे हो, भार कमी झालाय, उष्णताही चढतेय." तो हसला, पण ते हसणं अर्ध्यावरच राहिलं. "दुपारची टेकडी आहे ना, तसं काहीतरी होतंय. पण ही टेकडी वेगळीच आहे. बाबांची अशी नसायची. तुम्ही वायर लावलीत का?"

ताईने खाली पाहिलं. ती बाबांच्या खुर्चीत बसली होती. शाल तिच्या खांद्यांवर होती आणि पाठ जाळीला टेकलेली होती. ती केव्हा बसली, शाल केव्हा घेतली, काही आठवेना. पर्स दाराशी सामानावर होती आणि वायर पर्समध्ये होती.

समोरची खिडकी सताड उघडी होती. तार तिच्याच बोटांत होती.

"ताई? ऐकताय ना?"

तिने फोन ठेवला. उठू या, असं तिच्या मनात आलं. पायांना काही झालं नव्हतं, पाय चांगले होते. पण उठून जायचं म्हणताच मनात काहीतरी गच्च झालं. चुलीवर दूध ठेवून बाहेर पडताना होतं ना, तसं. असं कसं जायचं? एकटं सोडून?

खाली ट्रकचा भोंगा वाजला. मग जिन्यावर दादाची जड पावलं, आणि त्याचा भरदार आवाज. "पोरी, झालं का गं? वहिनीचे फोनवर फोन येतायत, म्हणतेय जेवायला थांबलेय."

तो खोलीत आला. घामाघूम झालेला, बाह्या दुमडलेल्या. ताईला शाल घेऊन बसलेली पाहून त्याचे डोळे भरून आले. "अगदी बाबांसारखी दिसतेस," तो म्हणाला. मग नाक ओढून, काहीतरी करायचं म्हणून, खुर्चीला वळसा घालून मागे आला. "हे धूडही न्यायचंय का? सरक, मी उचलतो." आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

"हात लावू नकोस!"

ती इतक्या जोरात ओरडली की दादा जागच्या जागी थिजला. त्याचे हात पत्र्यापासून वीतभर अंतरावर राहिले. ते कामाचे, उबदार हात. घरी त्यांची कुणीतरी वाट बघत होतं.

"अगं, काय झालं?"

ताईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग प्रेमाने त्याचे हात बाजूला केले, आणि शाल नीट ओढून घेतली.

"काही नाही, दादा," ती म्हणाली. "तू हो पुढे. माझी पाळी आहे."